मूत्रपिंड आणि मेंदू : एक दुर्लक्षित नाते



पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होते. पुढे राजधानी भोपाळला गेली. २०२३ मध्ये या दोन तालुक्यांचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हाही झाला. तथापि दुखणे बळावले की येथील माणसाची पावले आजही नागपूरकडेच वळतात. ज्या आजारात घटकाघटका मोलाची असते, तेथे हा रस्ताही उपचाराचाच भाग ठरतो. असा आजार म्हणजे पक्षाघात, बोलीतला लकवा. मूत्रपिंडाचा जुना विकार असणाऱ्यास तो अधिक संभवतो, ही गोष्ट मात्र फारशी परिचित नाही.

मूत्रपिंडाची गाळणशक्ती तीन महिन्यांहून अधिक काळ मिनिटाला ६० मिलिलिटरच्या खाली राहिली, किंवा लघवीतून प्रथिने जात राहिली, तर तो जुनाट विकार समजतात. २०१० साली ३३ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. गाळणशक्ती अशी उणावलेल्यांत पक्षाघाताचा धोका सुमारे ४३ टक्क्यांनी अधिक आढळला. आशियाई लोकांत ही वाढ आणखी ठळक होती. डायालिसिसवरील रुग्णांत तर तो कितीतरी पटींनी वाढतो.

याचे कारण रक्तवाहिन्यांत आहे. दोन्ही अवयवांना अखंड आणि भरपूर रक्त लागते. दोहोंतील सूक्ष्म वाहिन्या उच्च रक्तदाब व मधुमेहाने सारख्याच झिजतात. मूत्रपिंड दुबळे झाले की शरीरात मीठपाणी साचून रक्तदाब अधिक चढतो, धमन्यांच्या भिंतींत कॅल्शियम बसते, हृदयाचे ठोके अनियमित होऊन गुठळ्या होऊ शकतात. उलट रक्त गोठण्याची क्रियाही बिघडते. म्हणून मेंदूत गुठळी अडकणे आणि रक्तस्राव होणे, दोन्हींचे भय राहते.

खरा घात होतो तो लक्षणे ओळखण्यात. डायालिसिसहून परतलेल्या रुग्णाची जीभ जड झाली, तोंड वाकडे झाले, हातातून पेला निसटला, तरी थकवा समजून त्यास निजवले जाते. गुठळी विरघळवणारे औषध मात्र साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते. म्हणून प्रथम घड्याळ पाहावे आणि सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. गुठळी की रक्तस्राव हे त्या तपासणीविना कळत नाही. तोवर घरी ॲस्पिरिन देऊ नये. मूत्रपिंडाचा विकार आहे एवढ्यावरून उपचार नाकारले जात नाहीत, परंतु तो डॉक्टरांना सांगितलाच पाहिजे.

प्रतिबंध त्याहून सोपा. संत्र्याच्या तोडणीनंतर अंग दुखले की दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या रोज घेणे मूत्रपिंडास बाधते. तंबाखू सोडावी, मीठ आवरावे. रक्तदाब वा मधुमेह असणाऱ्याने वर्षातून एकदा रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने तपासून घ्यावीत. घरातील पंचांगाशेजारी रक्तदाबाची नोंदवही आणि वाहनचालकाचा दूरध्वनी क्रमांक टांगलेला असावा. वेळ आली तर नागपूरचा रस्ता त्यानेच थोडा जवळ येईल.