लेखी हुकमाचा आग्रह

विद्यार्थिनींनो व विद्यार्थ्यांनो, आज तुमच्या हाती परिचर्येची सनद पडली आहे.

फैजपूरच्या भूमीवर बोलावयास उभे राहिले की १९३६ च्या डिसेंबरात येथे भरलेले काँग्रेसचे अधिवेशन, खेड्यात भरलेले ते पहिलेच, कोणासही आठवावे. मला ते आठवते आजीच्या तोंडून ऐकलेले, कारण आजी सुईण होती आणि पंडित नेहरू व गांधीजी यांच्या दर्शनासाठी पूर्व खानदेशातली माणसे अधिवेशनाच्या टिळकनगराकडे लोटली असता ती मात्र एका अडलेल्या बाळंतिणीपाशी बसून राहिली होती. तिच्यापाशी औषध नव्हते आणि त्यामुळे कित्येक जीव हातचे गेले, हे मी नाकारीत नाही. परंतु कळांना त्यांचा वेळ देण्याचा जो संयम तिच्यापाशी होता, तो औषधे हाती आल्यावर आमच्यातून ओसरला, ही माझी जुनी खंत आहे.

नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका इस्पितळात, रात्रपाळीस एक बाई बैलगाडीतून आणली गेली. खेप चौथी, पाड्यावर कोणी सुई टोचणाऱ्याने ‘कळा वाढवायची सुई’ दिलेली, आणि आम्ही पाहिले तेव्हा कळा एकाएकी थांबलेल्या, ओठ पांढरे, नाडी हाताला लागेना. गर्भाशय फाटले होते. शल्यविशारदांच्या कौशल्याने बाई वाचली, मूल गेले. ती सुई म्हणजे ऑक्सिटोसिन, जे तुमच्या प्रत्येक प्रसूतिगृहातल्या शीतपेटीत उद्या असेल. मूल बाहेर आल्यावर, पोटावर हात ठेवून दुसरे मूल आत नाही याची खात्री करून, पहिल्या मिनिटातच १० युनिट स्नायूत देणे हे तुमचे कर्तव्य आहे, कारण त्याने रक्तस्राव थांबतो. आणि तेच औषध मूल बाहेर येण्यापूर्वी, वैद्याच्या लेखी आज्ञेवाचून व त्याच्या देखरेखीवाचून देणे हा अपराध आहे, कारण दोन कळांमध्ये गर्भाशय सैल पडेनासे होते, मुलाचा प्राणवायू तुटतो, आणि वाट अडलेली असेल तर भिंत फाटते. औषध एक, मात्रा हाताशी, आणि मर्यादा केवळ काही क्षणांची; ती ज्याला कळली नाही त्याला परिचर्या कळली नाही.

पुढे दुसऱ्या एका इस्पितळात असताना वैद्यकीय अधिकाऱ्यांनी आपल्या निवासातून वॉर्डबॉयकरवी निरोप धाडला की चार नंबरच्या बाईला तीच सुई द्यावी, सकाळपर्यंत तिला मोकळी होऊ द्यावी. मी केसपेपरवर हुकूम व सही मागितली. निरोप्या परत आला: “साहेब म्हणतात, सिस्टर, एवढ्यातेवढ्यासाठी कागद कशाला? देऊन टाका.” मी दिली नाही. बाई पहाटे सुईवाचून सुखरूप बाळंत झाली. आणि आठवड्याभरात कचेरीतून खुलासा मागविणारा कागद आला तो माझ्या नावे, आज्ञाभंगाबद्दल, निरोप धाडणाऱ्याच्या नावे नव्हे. त्याच वर्षी माझी बदली झाली. या गोष्टीचा संताप मला आजही येतो, आणि तो येणे योग्यच आहे असे मी मानते.

या पेशाची गाऱ्हाणी सांगू लागले तर संध्याकाळ होईल. फुटलेल्या थर्मामीटरची किंमत पगारातून कापली जाई. चादरींच्या मोजदादीत जी बुद्धी व जो वेळ खर्ची पडे, तो रुग्णाच्या उशाशी खर्च झाला असता तर किती जणांचे भले झाले असते! आणि आज गावोगावी पंधरा दिवस सुई धरावयास शिकलेल्या मुलींना पांढरा पोशाख चढवून परिचारिका म्हणून उभे केले जाते, तेव्हा १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाने नोंदणीस दिलेला अर्थ कोणी वाचला आहे की नाही, असा प्रश्न पडतो. त्या मुलींचा दोष नाही. स्वस्तात माणूस मिळविणाऱ्यांचा आहे.

हुकमाच्या मर्यादेला दुसरी बाजूही आहे, आणि ती आनंदाची आहे. काही कामांना कोणाचा हुकूम लागत नाही. १९७३ मध्ये अत्याचाराने अचेत झालेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांना मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिकांनी २०१५ मधील त्यांच्या मृत्यूपर्यंत सांभाळले. इतक्या वर्षांच्या शय्येनंतरही शरीरावर शय्याव्रण नाही, याची दखल २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घेतली. शय्याव्रण टाळण्याचे औषध नाही. दर दोन तासांनी कूस पालटावी लागते, कातडी कोरडी ठेवावी लागते, आणि ही पाळी पुढच्या पाळीच्या हाती सोपवावी लागते. ते राज्य सर्वस्वी आपले आहे. तेथे कोणाची वाट पाहू नका.

म्हणून माझे मागणे एकच. तातडीच्या वेळी वैद्य समोर नसता फोनवर हुकूम घ्यावाच लागला, तर औषध, मात्रा व मार्ग शब्दशः परत वाचून दाखवा, वेळ लिहा आणि २४ तासांच्या आत सही घ्या. निरोप्याच्या तोंडून आलेला हुकूम मात्र कधीही घेऊ नका. तुमच्यापैकी कोणी यावल-रावेरकडे रुजू होईल, कोणी धुळे-जळगावात, कोणी मुंबईस. जेथे जाल तेथे पहिल्याच पाळीस कागद मागा, आणि जी कनिष्ठ मुलगी कागद मागते तिच्या पाठीशी उभे राहा.