परसातली मिरची : बी आणि हात
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मिरचीसारखा विषय मी निवडला, याचे कारण माझी स्वतःची फजिती आहे. २०२२ च्या पावसाळ्यात मी परसात चाळीस रोपे लावली. महिन्याभरात पानांवर हिरवे-पिवळे चट्टे उमटले, झाडे खुरटली. मी बियाण्याला दोष देत बसलो. एका जाणकार स्नेह्याने पाने पाहिली आणि एवढेच विचारले, "तंबाखू खाता का?"

तंबाखूवरील मोझॅक रोगाचा विषाणू मिरचीवरही येतो. पान वाळवले, त्याची विडी वळली, तरी तो मरत नाही. तंबाखू मळलेल्या बोटांनी रोप हाताळले की बारीक जखमांतून तो आत शिरतो, आणि तीच बोटे पुढच्या रोपाला लागतात. लागण झाल्यावर औषध नाही. म्हणून रोपांना शिवण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. लावणी करताना बोटे मधूनमधून साय काढलेल्या दुधात बुडवली तर प्रसार कमी होतो. (त्यासाठी घरात दूध मागितल्यावर मला काय ऐकावे लागले, ते सांगत नाही.)

आता बियांविषयी. स्वयंपाकघरातली वाळकी मिरची फोडून बी टाकायची आपली रीत. पण जिच्यावर फिकट डाग व त्यांत काळे ठिपके दिसतात, ती फळकुजीची मिरची. तिच्या बियांबरोबर रोगही पेरला जातो. बी घ्यावे ते डोळ्यांदेखत वाढलेल्या निरोगी झाडाचे, पिकून लाल झालेल्या फळातले. ते फडक्याच्या पुरचुंडीत बांधून ५० अंश सेल्सिअस पाण्यात २५ ते ३० मिनिटे ठेवावे, मग गार पाण्यात बुडवून सावलीत वाळवावे. पाणी बोटाने अजमावू नका, तापमापक लावा. जास्त तापले तर बीच मरते. विद्यार्थी मित्रहो, हे काम तुमचे! याने बियांतील बुरशी व जिवाणू बरेचसे मरतात. मोझॅकचा विषाणू मात्र दाद देत नाही. दुकानातल्या औषध लावलेल्या रंगीत बियांना हा उपचार करू नये.

पान वळले की आपण सरसकट 'बोकड्या' म्हणतो. फुलकिड्यांनी पान वरच्या बाजूस वळते, कोळ्यांनी खालच्या. आणि पांढरी माशी तर विषाणूच आणून सोडते. कोवळ्या रोपांवर मलमलीचे जुने कापड ताणावे. पाणी बुंध्याशी घालावे, कारण जिवाणूंचे ठिपके शिंतोड्यांनी पसरतात. रोगट झाड उपटून लांब पुरावे, आणि पुन्हा हात धुवावेत.

यंदा मी बाराच रोपे लावली आहेत. पुडी परसाच्या दाराबाहेर ठेवतो. धाकटी मुलगी म्हणते, "अब्बा, ती कायमची बाहेरच राहू द्या ना." तिला मी अजून उत्तर दिलेले नाही.