दोन मानपाडे आणि एक धवलारीण

बचत गटाची बैठक आटोपून रेडिओजवळ बसलेल्या, भाकरी थापता थापता ऐकणाऱ्या, आणि नंतर हे भाषण मासिकात वाचणाऱ्या सगळ्या जणींना नमस्कार.

आज मी गाण्यांबद्दल बोलणार आहे. घाबरू नका, गाणार नाही. माझा गळा तसा नाही. पण गाणं कुठून येतं, कुठल्या मातीतून येतं आणि ती माती गेली की त्याचं काय होतं, हे मला तुमच्याशी बोलायचं आहे.

सुरुवात आमच्या घरातल्या एका लग्नाने करते. लग्न होतं डोंबिवलीजवळच्या मानपाड्यात. माझी चुलत आत्या भिवंडीकडच्या गावातून हळदीला निघाली. आत्या म्हणजे धवलारीण. आमच्या आगरी समाजात लग्नाचे सगळे विधी गाण्यातून चालवणारी बाई म्हणजे धवलारीण, आणि ती गाते ते धवले. ठाण्याला उतरून तिने रिक्षावाल्याला सांगितलं, "मानपाडा." त्याने तिला बरोबर मानपाड्याला नेऊन सोडलं. पण तो मानपाडा ठाण्याचा, घोडबंदर रस्त्यावरचा. आमचा मानपाडा डोंबिवलीचा, कल्याण-शीळ रस्त्यालगतचा. दोघांच्या मध्ये ठाण्याची खाडी आणि पारसिकचा डोंगर.

आत्याचा फोन आला. मी विचारलं, "आत्या, तुझ्यासमोर काय दिसतं?" ती म्हणाली, "मोठा रस्ता, नि त्याच्या पाठी झाडीचा डोंगर." डोंगर इतका जवळ म्हटल्यावर कळलं, बाई येऊरच्या पायथ्याशी उभी आहे!

ती मांडवात पोचेपर्यंत दोन तास गेले. हळद लागून गेली होती. डीजे जोरात होता. आत्याने पाणी प्यायलं, चूळ भरली आणि विचारलं, "देवांना बोलावलं कोनी?"

कोणीच बोललं नाही. कारण धवलारीण नाही म्हणून कोणी थांबलंच नव्हतं. तिची वाट पाहायची असते हेच पोरांना ठाऊक नव्हतं. तिचा तो प्रश्न माझ्या मनातून जात नाही. आजचं बोलणं त्या प्रश्नाभोवतीच आहे.

आधी हे दोन मानपाडे नीट बघू. पाडा म्हणजे छोटी वस्ती. ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत पावलोपावली पाडे आहेत. येऊरच्या डोंगरात जांभूळपाडा आहे, पाटोणपाडा आहे, वणीचा पाडा आहे. डोंबिवलीच्या बाजूला सोनारपाडा, देसलेपाडा, चिंचपाडा. नुसती नावं ऐकली तरी कळतं, कुठे जांभळीची झाडं, कुठे चिंचा, कुठे कोणाची घरं. घोडबंदर रस्त्यावर वाघबीळ नावाचं गाव आहे. आता तिथे उंच इमारती आहेत, पण नाव अजून सांगतं की इथे जंगल होतं. नावं म्हणजे जमिनीची आठवण. आणि ही नावं कागदापेक्षा जास्त काळ बायकांच्या गाण्यात जपली गेली.

ठाण्याचा मानपाडा डोंगराच्या पायथ्याशी. वर आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. त्या डोंगरात वारली आणि इतर आदिवासींचे पाडे. डोंगरातलं गाणं डोंगरातल्या वस्तूंनीच बनतं. वारल्यांचा तारपा बघा. वाळवलेला भोपळा, बांबू आणि ताडाचं पान. दुकानातून काही आणायला नको. पीक हाती आलं की तारपा वाजतो आणि त्याच्याभोवती माणसं एकमेकांना धरून गोल फेर धरतात.

डोंबिवलीचा मानपाडा सखल भागातला. भातशेती, खारजमीन, जवळ खाडी. आगरी हे नावच आगर या शब्दावरून आलं असं सांगतात, मिठागरातला आगर. इथलं गाणं भाताचं. चिखलात वाकून आवणी करताना सगळ्या जणींचा हात एका लयीत पडावा म्हणून गाणं. कांडताना मुसळाच्या ठोक्यावर गाणं. ज्या गावात भात कांडायचं काम नाही, तिथे मुसळाच्या ठोक्याचं गाणं जन्मणार नाही. घाटावर ज्वारी-बाजरी दळायची, म्हणून तिकडे जात्यावरची ओवी लांब आणि संथ. हात फिरतो तसा आवाज फिरतो. गाणं कामातून येतं आणि काम जमिनीतून.

आता गंमत बघा. डोंगर वेगळा, खाडी वेगळी, समाज वेगळे. पण लग्नात दोन्हीकडे एक गोष्ट सारखी. आगरी लग्नात धवलारीण, तर वारली लग्नात धवलेरी. दोन्हीकडे लग्न लावण्याचा अधिकार गाणाऱ्या बाईकडे. वारल्यांकडे घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक काढतात. तो सवाशिणी काढतात आणि धवलेरी गाते. चौकाशिवाय लग्न होत नाही.

हा शब्दही जुना आहे. महानुभाव पंथातल्या महदंबेने तेराव्या शतकात विदर्भातल्या रिद्धपूरला रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे रचले. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून आपण तिचं नाव घेतो. आगरी बोलीत ळ चा ल होतो. डोळा म्हणजे डोला, फळ म्हणजे फल. तसं धवळे झालं धवले. म्हणजे मराठीत बाईने रचलेली जी पहिली कविता आपल्याला माहीत आहे, ती लग्नाची गाणी आहेत. आणि तोच शब्द सातशे वर्षांनंतर माझ्या अंगठाबहाद्दर आत्याच्या तोंडी आहे. सांगा, तिला अडाणी म्हणायचं का?

धवलारीण नेमकं काय करते? मांडव घालण्यापासून हळदीपर्यंत, तेल लावण्यापासून पाठवणीपर्यंत प्रत्येक पायरीला तिचं गाणं असतं. आधी ती देवांना बोलावते. घरचे देव, गावदेव, वाडवडील, मग लांबचे देव. आगरी-कोळ्यांची एकवीरा आई थेट घाटावर, कार्ल्याला. आत्या सांगते, बोलावताना घाई करायची नाही. नाव घ्यायचं, गाव घ्यायचं. "नाव घेतल्याबिगर देव कसा येल?" म्हणजे मांडवात बसल्या बसल्या तिचं गाणं घराच्या उंबऱ्यातून निघतं, शेताच्या बांधावरून जातं, वेशीवर थांबतं, खाडी ओलांडतं आणि घाट चढून जातं. लहानपणी मला वाटायचं हे लांबण लावतात. आता कळतं, तो नकाशा होता. शाळा न पाहिलेल्या बाईने पोरीबाळींना शिकवलेला भूगोल. आपलं घर कुठे, आपली माणसं कुठपर्यंत पसरली, आपण कोणाला विसरायचं नाही, हे सगळं त्यात.

मग हे तुटलं कसं? पोरांना नावं ठेवून भागणार नाही. जमीन बघावी लागेल.

डोंबिवलीत १९६० नंतर एमआयडीसी आली. शेतांच्या जागी कारखाने आले, मग चाळी, मग इमारती. मानपाड्यासह आजूबाजूची २७ गावं १९८३ मध्ये कल्याण महापालिकेत घेतली गेली, २००२ मध्ये बाहेर काढली आणि २०१५ मध्ये पुन्हा आत घेतली. गाव जागेवरच होतं, पण ते गाव आहे की शहर हे तीनदा बदललं. आवणी गेली तशी आवणीची गाणी गेली. घराघरांतलं मुसळ माळ्यावर पडलं. अंगण गेलं तिथे मांडव हॉलमध्ये गेला. हॉल तासांवर मिळतो. धवला तासांत बसत नाही. आणि धवल्यात जे बांध, जी झाडं येतात ती पोरांना दाखवायची कुठे? ज्या वाटेने गाणं जायचं ती वाटच राहिली नाही.

मग त्या जागी आला डीजे. मला डीजेचा राग नाही, मीही नाचते. पण हिशेब मांडा. धवलारणीचा मान म्हणजे साडीचोळी, नारळ, तांदूळ. डीजे, रोषणाई, जेवणावळी आणि दारू यांचा खर्च किती? जमिनीचे पैसे आले तेव्हा तो झेपला. पैसे संपले तरी रीत राहिली. आज हळदीसाठी कर्ज काढणारी घरं मी पाहिली आहेत. तुमच्या गटात कोणी असं कर्ज मागितलं आहे का, आठवून बघा. जुन्या रितीत मध्ये बाई बसायची आणि खर्च कमी होता. नव्या रितीत खर्च वाढला आणि बाई कोपऱ्यात गेली.

वारली चित्रांचंही थोडं असंच झालं. भिंतीवर चौक काढायचा हात बायकांचा होता. १९७० नंतर हीच कला कागदावर आली, बाजारात गेली, जगभर पोचली. जिव्या सोमा म्हशे यांना पद्मश्री मिळाली, ते थोर कलावंत, आपल्याला त्यांचा अभिमानच आहे. पण चौक काढणाऱ्या त्या सवाशिणींची नावं आपल्यापैकी किती जणींना सांगता येतील?

आता सगळ्यात अवघड गोष्ट. लग्नाच्या गाण्यांत माहेर असतं, बापाचं शेत असतं, भाऊ असतो. लेक त्या शेताची आहे असं गाणं सांगतं. पण जमीन विकायची वेळ आली की तिच लेक फक्त हक्कसोड पत्रावर सही करायला आठवते. पहाटे गाडी येते, दुपारी सही होते, संध्याकाळी साडी देऊन परत सोडतात. मी असं म्हणत नाही की भावाशी भांडा. मी म्हणते, वाचल्याशिवाय सही करू नका. हिंदू वारसा कायद्यात २००५ मध्ये बदल झाला आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की हा हक्क जन्माने मिळतो, २००५ साली वडील हयात नसले तरी. हक्क सोडायचा असेल तर खुशाल सोडा, पण तो आपला आहे हे माहीत असून सोडा.

डोंगरातल्या बहिणींसाठी कायदा वेगळा आहे. हा वारसा कायदा अनुसूचित जमातींना थेट लागू होत नाही. पण २००६ चा वनहक्क कायदा सांगतो की नवरा-बायको दोघं असतील तर वनजमिनीचा हक्क दोघांच्या नावे नोंदवायचा. तुमच्या पाड्यात पट्टा मिळाला असेल तर तो काढून बघा, त्यावर तुमचं नाव आहे का. खाडीकाठी सातबारा, डोंगरात पट्टा. गाणी जशी जमिनीप्रमाणे बदलतात, तसे कागदही बदलतात. बाईचं नाव मात्र दोन्हीकडे शोधावं लागतं.

मग आपण काय करू शकतो? गेलेलं शेत परत येणार नाही. पण गाणं आणि नाव वाचवता येईल, आणि त्याला फार पैसे लागत नाहीत. महाराष्ट्रात हे काम झालेलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी गावोगावच्या बायकांसोबत एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यातली मोठी गोष्ट काय? ओवीसोबत गाणारीचं नाव आणि तिचं गाव लिहिलं. "लोकगीत" म्हणून सोडून दिलं नाही.

आपल्या गटानेही एक वही घालावी. महिन्याच्या बैठकीत हिशेब झाला की अर्धा तास एका म्हातारीला गाऊ द्यावं. मोबाईलवर आवाज घ्यावा, पण आधी तिला विचारून. आणि वहीत लिहावं: गाणं कोणतं, कुठल्या कामाचं किंवा विधीचं. गाणारी कोण, तिचं माहेर कुठलं, ती कोणाकडून शिकली. गाण्यात कुठली गावं, झाडं, देव, पाणवठे, नाती आली. त्यातलं आज काय आहे आणि काय नाही. चार-पाच गाणी झाली की जमिनीवर रांगोळीने गावाचा नकाशा काढा आणि गाण्यातली ठिकाणं त्यात मांडा. पोरींना बोलवा. कुठली विहीर बुजली, कुठला उंबर तोडला, कुठली वाट बंद झाली, सगळं डोळ्यांसमोर येईल. ग्रामसभेत पाणवठ्याचा प्रश्न मांडताना त्याचा उपयोग होतो, हे मी अनुभवाने सांगते.

आणि पुढच्या लग्नात एवढं करा. डीजे असू द्या. पण हळदीआधी अर्धा तास धवलारणीचा. तिला मधे बसवा आणि ती सुरू होईपर्यंत हळद लावू नका.

आमच्या लग्नात काय झालं ते सांगायचं राहिलं. रात्री दहाला डीजे बंद झाला, कायद्यानेच. पोरं खुर्च्या उचलायला लागली. आत्या कोपऱ्यात बसली होती. तिने कोणाला न विचारता हळू आवाजात सुरुवात केली. उशिरा का होईना, एकेका देवाचं नाव, एकेका गावाचं नाव. माझी आई तिच्याजवळ जाऊन बसली. मग दोन चुलत्या. मग नवरी स्वतः आली, अंगाला हळद तशीच. गाणं खाडीपर्यंत पोचलं तेव्हा तिने विचारलं, "आत्या, ही आपली कुठली शेती?" आत्या थांबली आणि म्हणाली, "तुझा हॉल उभा हाय ना, तिच."

मैत्रिणींनो, तुमच्या गावात अशी गाणारी कोण आहे? तिच्याकडे या आठवड्यात जाऊन बसा. वहीच्या पहिल्या पानावर तिचं नाव लिहा.