कुणाच्या टाकीत काय?



युरोपीय संघाने २००९ साली आपल्या सदस्य देशांवर एक बंधन घातलं. २०२० साली वाहतुकीला लागणाऱ्या ऊर्जेतला निदान दहा टक्के वाटा नवीकरणीय असला पाहिजे, म्हणजे शेतातून, कचऱ्यातून, वाऱ्या-पाण्याच्या विजेतून आलेला. ते वर्ष सरल्यावर हिशेब झाला. संघाची सरासरी १०.२ टक्के भरली, ग्रीस ५.३ वर राहिला, आणि स्वीडन थेट ३१.९ टक्क्यांवर!

हा आकडा ऐकून वाटेल, स्वीडनमध्ये इंधनाचा दर तिसरा थेंब हिरवा आहे. पण त्या हिशेबाची एक गंमत आहे. टाकाऊ तेलापासून किंवा चरबीपासून केलेलं इंधन दुप्पट धरायचं, आणि रस्त्यावरच्या गाड्यांनी वापरलेली नवीकरणीय वीज पाचपट, असा तेव्हाचा नियम होता. नव्या वाटांना उत्तेजन मिळावं हा त्यामागचा हेतू. त्यात लबाडी नव्हती. तरीही परीक्षेत ग्रेस मार्क धरून आलेल्या टक्केवारीवर किती विसंबायचं, हा प्रश्न उरतोच. म्हणून देशादेशांची तुलना करताना मी आधी दोन गोष्टी बघतो. त्या देशाच्या हाताशी मुळात काय होतं? आणि जादा पैसा कुणाच्या खिशातून गेला?

स्वीडनकडे जंगल होतं. कागदाच्या लगद्याच्या गिरण्यांतून निघणाऱ्या चिकट तेलापासून तिथे डिझेल बनू लागलं, सांडपाण्यातून आणि ओल्या कचऱ्यातून मिळणाऱ्या बायोगॅसवर लिंशोपिंग शहराच्या बस धावू लागल्या. पण डिझेलमधला हिरवा वाटा सरकारी नियमाने वाढत गेला, तसा घरचा माल पुरेना. बराचसा कच्चा माल परदेशातून येऊ लागला. पंपावरचा भाव चढला, निवडणुकीत तो मुद्दा झाला, आणि सरकार बदललं. डिझेलमुळे होणारं उत्सर्जन ३०.५ टक्क्यांनी कमी करण्याची सक्ती इंधन कंपन्यांवर होती, ती १ जानेवारी २०२४ पासून एकदम ६ टक्क्यांवर आणली गेली. यादीत पहिला आलेला देश एका नियमाच्या फेरफाराने मागे फिरतो, हे ध्यानात ठेवण्याजोगं आहे.

आता ब्राझील. या विषयातली सगळ्यात रंगतदार गोष्ट तिथली आहे, आणि ती उसाची असल्यामुळे आपल्या कानाला ओळखीची वाटेल.

१९७३ साली तेलाचे भाव भडकले तेव्हा ब्राझील आपलं बहुतेक तेल आयात करत होता. पुढे साखर मात्र जागतिक बाजारात घसरू लागली. नोव्हेंबर १९७५ मध्ये तिथल्या लष्करी राजवटीने ‘प्रो-आल्कोल’ योजना काढली : उसापासून अल्कोहोल करा आणि ते गाडीत घाला. १९७९ साली निव्वळ अल्कोहोलवर चालणारी फियाट १४७ बाजारात आली. या गाड्यांना थंडीचं वावडं होतं. अल्कोहोल गारठ्यात लवकर पेट घेत नाही, म्हणून बॉनेटखाली पेट्रोलची एक छोटीशी टाकी वेगळी बसवलेली असायची. साओ पावलोच्या थंड सकाळी आधी त्या टाकीतलं घोटभर पेट्रोल इंजिनाला पाजायचं, मग गाडी सुरू. एवढं करूनही लोकांनी ती गाडी स्वीकारली. १९८५च्या सुमारास तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी दहातल्या नऊ अल्कोहोलवरच्या होत्या.

मग वारं फिरलं. १९८६ साली तेल स्वस्त झालं, पुढे साखरेला भाव आला. कारखानदार तो कारखानदारच. त्याने ऊस साखरेकडे वळवला. १९८९ साली पंपांवर अल्कोहोल मिळेना, रांगा लागल्या. ज्यांनी सरकारच्या शब्दावर गाडी घेतली ते अडकले. नव्वदीच्या अखेरीला अशा गाड्यांची विक्री जवळपास शून्यावर आली होती.

ही योजना पुन्हा उभी राहिली ती इंजिनाच्या एका सुधारणेमुळे. २००३ साली फोक्सवागेनने ‘गोल’ ही फ्लेक्स गाडी आणली. पेट्रोल घाला, अल्कोहोल घाला, दोन्ही कसंही मिसळा. टाकीत काय आहे ते गाडी ओळखते आणि जुळवून घेते. तिथे पंपावर आपल्यासारखाच इंधन भरणारा माणूस असतो आणि तो विचारतो, काय भरू? गाडीवाल्याच्या डोक्यात सत्तर टक्क्यांचं गणित तयार असतं. अल्कोहोलवर गाडी पेट्रोलच्या तुलनेत साधारण सत्तर टक्केच अंतर जाते. म्हणून त्याचा भाव पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांहून कमी असेल तर ते घ्यायचं, नाहीतर पेट्रोल. साखर महागली की लोक त्या आठवड्यात पेट्रोल भरतात, कुणी अडकत नाही. तिथल्या पेट्रोलमध्येही हे अल्कोहोल, म्हणजे इथेनॉल, असतंच. ऑगस्ट २०२५ पासून ते ३० टक्के आहे.

अमेरिकेने हेच मक्यावर केलं. आज जगात सर्वांत जास्त इथेनॉल तीच बनवते, तिच्या मक्याचा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा भाग त्यात जातो, आणि मका पिकवणाऱ्या आयोवा राज्यातल्या मतदाराला दुखवायला कुठलाच पक्ष धजावत नाही. इंडोनेशियाने पामतेल डिझेलमध्ये घातलं. २०२५ पासून तिथे ४० टक्क्यांचं मिश्रण सक्तीचं आहे. नवीकरणीय म्हणून ते मोजलं जातं खरं, पण पामच्या बागांसाठी तोडलेलं जंगल त्या मोजणीत कुठे दिसतं?

नॉर्वेची तऱ्हा निराळी. तिथली जवळजवळ सगळी वीज धबधब्यांची, जलविद्युत. १९९०च्या सुमारास ‘आ-हा’ या प्रसिद्ध बँडमधले दोघे आणि पर्यावरणवादी फ्रेडेरिक हाउगे विजेवर चालणाऱ्या एका फियाट पांडातून टोल न भरता हिंडत. दंड थकला, गाडी जप्त झाली, लिलावात निघाली, आणि यांनीच ती परत घेतली. पुढे विजेच्या गाड्यांना टोल माफ झाला, २००१ साली मूल्यवर्धित करही माफ झाला. २०२४ मध्ये तिथे विकलेल्या नव्या मोटारींपैकी ८९ टक्के विजेच्या होत्या. ही करमाफी देशाला परवडली, कारण तिजोरीत उत्तर समुद्रातल्या तेला-वायूचा पैसा होता. स्वतः पाण्यावर चालायचं आणि तेल जगाला विकायचं!

तेलाचा पैसा नसलेला देश काय करतो ते इथिओपियाने दाखवलं. वीज तिथेही धरणांचीच, पण पेट्रोल आणायला परकीय चलन नाही. २०२४च्या सुरुवातीला त्यांनी पेट्रोल-डिझेलच्या खाजगी मोटारींची आयातच बंद केली.

आणि आपण? पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे आपल्याकडचे पहिले प्रयोग २००१ साली झाले, त्यातले दोन महाराष्ट्रात, मिरज आणि मनमाडला. बरीच वर्षं ते रेंगाळलं. २०१४ साली मिश्रण दीड टक्क्याच्या आसपास होतं, २०२५ मध्ये ते २० टक्क्यांवर पोचलं. विजेच्या बसही वाढताहेत, मात्र देशाची पाऊण वीज अजून कोळशाची, तेव्हा रात्री डेपोत चार्जिंगला लावलेली बस बरीचशी कोळशावरच चालते.

ब्राझीलचा १९८९ चा धडा आपल्यालाही थोडा शिवून गेला आहे. २०२३ला पाऊस कमी झाला, साखरेची चिंता वाटू लागली, आणि डिसेंबरमध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली. आठवडाभरात ती सैल केली, तरी कर्ज काढून डिस्टिलरी उभारलेल्या कारखान्यांची झोप उडाली ती उडालीच. उसाची जागा मक्याने घेतली. मग मका महागला आणि कोंबडीवाले ओरडू लागले. एकेकाळी मका निर्यात करणारा आपला देश तो आयात करू लागला.

आता माझा दुसरा प्रश्न, पैशाचा. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी, म्हणून गाडीचं ॲव्हरेज थोडं पडतं, भाव मात्र पेट्रोलचाच. सरकारचं २०२५ सालचं उत्तर असं की इथेनॉलची खरेदीच लिटरला सुमारे ७१ रुपयांनी होते, मग ते स्वस्त कसं देणार? हे उत्तर मला खोटं वाटत नाही. तो पैसा ऊस आणि मका पिकवणाऱ्यापर्यंत पोचत असेल तर माझी तक्रारही नाही. पण मग तसं पंपावर लिहावं, आणि जुनी गाडी असलेल्याला बिनमिश्रणाचं पेट्रोल घेण्याची मुभा द्यावी. नेमकी ही मुभा मागणारी एक याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली होती. १ सप्टेंबर २०२५ रोजी न्यायालयाने ती फेटाळली.