आवश्यकतांचा मसुदा आणि ग्राहकाची गरज



या परिषदेचे अध्यक्षपद देऊन आपण माझा जो बहुमान केलात, त्याबद्दल कृतज्ञता व्यक्त करून मी थेट विषयाला हात घालतो. कारण सॉफ्टवेअर घडवण्याच्या वॉटरफॉल आणि ॲजाइल या दोन पद्धतींविषयी आपल्यात वर्षानुवर्षे चाललेल्या वादाचे मूळ, ग्राहकाला आपली गरज नेमकी केव्हा उमगते, या एकाच प्रश्नात आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

विन्स्टन रॉइस यांच्या १९७० सालच्या ज्या निबंधाला वॉटरफॉलचे उगमस्थान मानतात, त्यात आवश्यकतांपासून प्रत्यक्ष वापरापर्यंत पायरी-पायरीने उतरणारी आकृती आहे खरी. परंतु ही रीत जशीच्या तशी अवलंबणे जोखमीचे आहे असे बजावून, नव्या धर्तीचे काम दोनदा करावे आणि अखेरच्या स्वीकृतीपूर्वीच ग्राहकाला वेळोवेळी कामात गुंतवावे, असेही रॉइस यांनी त्यातच सांगितले होते. आकृती सर्वांनी उचलली, इशारा मागे पडला.

त्याची किंमत कशी मोजावी लागते, हे अमेरिकेच्या एफबीआयने अनुभवले. तपासाची कागदी दप्तरे संगणकावर आणण्यासाठी योजलेल्या ‘व्हर्च्युअल केस फाइल’ या प्रणालीच्या आवश्यकतांचा दस्तऐवज आठशेहून अधिक पानांचा होता, आणि बटणांवर कोणती अक्षरे असावीत इथपर्यंत त्यात तपशील होता. तरीही तपासकामाची खरी निकड निश्चित झालेली नसल्याने फेरफारांची रीघ लागली, आणि सुमारे १७ कोटी डॉलरांचा तो प्रकल्प २००५ मध्ये गुंडाळावा लागला. पुढे त्या प्रणालीच्या जागी आलेल्या ‘सेंटिनेल’चेही काम रेंगाळले, तेव्हा २०१० मध्ये एफबीआयने ते स्वतःच्या अखत्यारीत घेऊन ॲजाइल पद्धतीने दोन-दोन आठवड्यांच्या टप्प्यांत, म्हणजे स्प्रिंटमध्ये, विभागले, आणि २०१२ मध्ये ती प्रणाली अंमलात आली.

ॲजाइलमध्ये आवश्यकता एका लहानशा कार्डावर मावते. ‘तपास अधिकाऱ्याला आपला अहवाल वरिष्ठांच्या मंजुरीसाठी पाठवता यावा’ एवढेच त्यावर लिहिलेले असते. पण वरिष्ठ रजेवर असतील तर काय, मंजुरीनंतर मजकुरात दुरुस्ती करण्याची मुभा कोणाला, नामंजूर अहवाल कोणाच्या दप्तरी राहणार, हे प्रश्न कार्ड हाती घेऊन त्या अधिकाऱ्याशी बोलतानाच निघतात, आणि त्यांची उत्तरेच त्या कामाच्या स्वीकृतीचे निकष ठरतात.

मात्र यातून लेखनाला रजा मिळाली, असा जो सोयीस्कर अर्थ आपल्यातील अनेक चमू काढतात, तो मला सर्वस्वी अमान्य आहे. २००१ साली यूटामधील स्नोबर्ड येथे १७ जणांनी ॲजाइलचा जो जाहीरनामा सिद्ध केला, त्यात दस्तऐवजांना मज्जाव नाही. चालत्या प्रणालीला त्यांच्याहून अधिक मोल दिले आहे, इतकेच. हृदयाला स्पंदन देणाऱ्या उपकरणाच्या आज्ञावलीत तर प्रत्येक आवश्यकता लिहिलेली, क्रमांकित आणि तिच्या चाचणीशी जोडलेली असलीच पाहिजे.

मला अधिक चिंता करारांची वाटते. रक्कम, मुदत आणि कामाची व्याप्ती ही तिन्ही पहिल्याच दिवशी कायम करून वर ॲजाइलचे नाव लावले, की प्रत्येक नवी जाणीव ‘चेंज रिक्वेस्ट’ होऊन तंट्याला कारण होते. म्हणून आपल्या यापुढील करारनाम्यांत, ग्राहकाने निर्णयाचा पूर्ण अधिकार असलेली आणि प्रत्यक्ष टेबलावरचे काम जाणणारी एक व्यक्ती प्रॉडक्ट ओनर म्हणून प्रकल्पाच्या अखेरीपर्यंत नेमून द्यावी, आणि ती बदलल्यास मुदतीचा फेरविचार व्हावा, असे कलम घालण्याचा आग्रह या परिषदेने धरावा, अशी माझी आपणांस कळकळीची विनंती आहे.