कवटीवरून काय कळते?



वसंत व्याख्यानमालेत कवटीवर बोलावयाचे म्हटल्यावर व्यवस्थापक मंडळींपैकी एकाचा चेहरा जरा उतरला होता. मोगऱ्याच्या दिवसांत हा स्मशानातला विषय कशाला, असे त्यांना वाटले असावे. त्यांची क्षमा मागून सांगतो की, मला मेलेल्या कवटीपेक्षा वाढणाऱ्या कवटीविषयी अधिक बोलावयाचे आहे. आणि तिची चिंता तर आपल्या घराघरांतून बारशाच्या आधीच सुरू झालेली असते. डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी, टाळू भरावी म्हणून तेल, आणि नाक सरळ यावे म्हणून न्हाऊ घालणाऱ्या बाईंची चिमटी! यांपैकी चिमटीचा काही उपयोग होत नाही. उशीमागच्या समजुतीत मात्र थोडे तथ्य आहे, कारण तान्ह्याची कवटी दाबाने खरोखरच आकार घेते. एकाच कुशीवर निजणाऱ्या मुलाचे डोके त्या बाजूस चपटे होते. हल्ली डॉक्टर तान्ह्यास उशीच देऊ नका म्हणतात, श्वास कोंडण्याचे भय असते म्हणून. त्यांचे ऐकावे.

पण त्या उशीत एक मोठा प्रश्न दडलेला आहे. डोक्याचा आणि चेहऱ्याचा घाट माणूस वंशाकडून घेऊन येतो, की तो वाढता वाढता घडतो? हा प्रश्न केवळ पंडितांचा नाही. एकोणिसाव्या शतकापासून कित्येक लोकांनी कवटीला कंपास लावून माणसांची प्रतवारी लावली, आणि त्या प्रतवारीचे परिणाम माणसांना भोगावे लागले. तेव्हा आधी ही वाढ होते कशी ते पाहू.

जन्मलेल्या मुलाचे डोके त्याच्या लांबीच्या चौथ्या हिश्श्याएवढे असते. मोठ्या माणसात ते सातव्या-आठव्या हिश्श्यावर येते. त्या डोक्यातही मेंदूची पेटी भली मोठी आणि चेहरा अगदी चिमुकला, म्हणजे पेटीच्या आठव्या भागाइतका असतो. प्रौढ माणसात तो पेटीच्या निम्म्याने भरतो. याचा अर्थ असा की, एकाच कवटीत दोन वेळापत्रके चालू असतात. मेंदूची पेटी घाईत असते. पुढची टाळू साधारणपणे दीड वर्षाच्या आगेमागे भरून येते, आणि सहाव्या वर्षापर्यंत मेंदू आपल्या पूर्ण आकाराच्या सुमारे 90 टक्क्यांपर्यंत पोचलेला असतो. पोराला पहिलीत घालता तेव्हा बापाची टोपी त्याला फारशी सैल होत नाही. बापाचा जोडा पायात यावयास मात्र आणखी आठ-दहा वर्षे जावी लागतात.

चेहरा त्या जोड्याच्या चालीने चालतो. खालचा जबडा जन्मतः दोन तुकड्यांचा असतो; ते पहिल्या वर्षात हनुवटीपाशी सांधले जातात. पुढे वीस दुधाचे दात, सहाव्या वर्षी पहिली कायमची दाढ, बाराव्याच्या सुमारास दुसरी, आणि सतरा ते पंचवीसपर्यंत केव्हातरी, कित्येकांना कधीच नाही, अक्कलदाढ. या दाढांना जागा कोठून येते? पाहणाऱ्याला वाटते की जबडा हनुवटीकडून पुढे लांबतो. अठराव्या शतकात जॉन हंटर या स्कॉटिश शस्त्रवैद्याने याचा छडा लावला. आपल्या मंजिष्ठेच्या जातीचे एक मूळ जनावराला चारले की त्या दिवसांत तयार होणारे हाड तांबडे निघते. हंटरने डुकराच्या पिल्लांना ते चारले आणि त्यांचे जबडे पाहिले. नवे हाड साठत होते ते जबड्याच्या मागच्या कडेला, कानाच्या बाजूस. आणि त्याच उभ्या भागाची पुढची कड आतून झिजून दाढेसाठी वाट मोकळी करीत होती. मागे भिंत बांधावी आणि पुढची पाडावी, म्हणजे खोली मोठी होते, तसा हा प्रकार! टेबलावर सहा वर्षांच्या मुलाच्या जबड्याचा एक साचा ठेवला आहे. त्यात दुधाच्या दातांखाली कायमचे दात दाटीवाटीने बसलेले दिसतील.

येथे येताना गोखले रस्त्यावर दातांच्या दवाखान्यांच्या पाट्या मोजू लागलो आणि मध्येच सोडून दिले. शाळकरी मुलांच्या दातांना तारा बसविणे आता नवलाचे राहिलेले नाही. आजी म्हणते, आमच्या वेळी असे नव्हते. आजी अगदीच चुकत नाही. रॉबर्ट करूचिनी आणि त्यांचे सहकारी यांनी चंडीगड शहरातली मुले आणि भोवतालच्या खेड्यांतली मुले यांचे दात तपासून 1983 साली वृत्तान्त प्रसिद्ध केला. लोक एकाच प्रांतातले; पण शहरात वेडेवाकडे दात अधिक. मऊ अन्न खाणाऱ्याच्या जबड्याला लहानपणी पुरेसे काम पडत नाही, आणि तो दातांच्या मानाने तोकडा राहतो, असे त्यांचे म्हणणे. आनुवंशिकतेचा वाटा यात आहेच, आणि तो किती यावर अजून वाद आहे. मला स्वतःला भाकरी आणि उसाचे कांडे यांचा पक्ष घ्यावासा वाटतो, पण तेवढ्याने वाकडा दात सरळ होईल असे मी कोणास सांगणार नाही.

आता प्रतवारीकडे वळतो. आणि तेथे आपल्यातल्याच एका बाईंची गोष्ट आहे. इरावतीबाई कर्वे यांना आपण ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून ओळखतो. पण मुंबईस घुर्यांच्या हाताखाली एम्. ए. होऊन त्या 1928 साली बर्लिनला गेल्या, त्या कवट्या मोजावयास. तेथील मानवशास्त्राच्या कैसर विल्हेल्म संस्थेचे प्रमुख ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक. माणसाची कवटी डावीउजवीकडे तंतोतंत सारखी नसते. फिशर यांची कल्पना अशी की, या असमानतेत वंशावंशांचा भेद दिसेल, आणि गोऱ्या युरोपीयांची तर्कबुद्धी श्रेष्ठ असल्याचे त्यातून सूचित होईल. बाईंनी 149 कवट्या मोजल्या. त्यांत आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतींतून आणलेल्याही होत्या. त्या माणसांच्या घरच्यांना कोणी विचारले नसणार. मोजमापांतून काय निघाले? असमानता सर्वांतच होती. वंशाप्रमाणे ती वेगळी पडत नव्हती. तरुण वयात, परक्या देशात, ज्यांच्या हाती पदवी त्यांच्याच मताविरुद्ध आकडे गेलेले. बाईंनी ते तसेच लिहिले, आणि 1930 साली पदवी घेऊन त्या परतल्या. प्रबंधाचे नावच ‘मानवी कवटीची स्वाभाविक असमानता’ अशा अर्थाचे आहे. पुढे त्याच संस्थेचे वंशशास्त्र नाझींच्या सेवेला लागले, आणि दुसऱ्या महायुद्धात आउश्विट्झच्या छळछावणीतून तेथे मानवी अवयवांचे नमुने जाऊ लागले. हे ध्यानात घेतले म्हणजे त्या साध्या ‘स्वाभाविक’ शब्दाचे वजन कळते.

इरावतीबाईंनी कंपास मात्र खाली ठेवला नाही. 1939 पासून डेक्कन कॉलेजात राहून त्यांनी महाराष्ट्रभर जातीजातींची मापे घेतली; वि. म. दांडेकरांबरोबरचे त्यांचे पुस्तक 1951 सालचे आहे. जातवार मापे घेण्याची ही पद्धतच आज आपणांस पटणार नाही, मलाही पटत नाही. तरी एक गोष्ट त्यांनी नोंदविली की, एका नावाखाली मोडणाऱ्या पोटजाती शरीराने एकाच मुळातून फुटलेल्या दिसत नाहीत. मोजणाराच मोजण्याच्या चौकटीला तडा देतो तो असा.

मग कवटी-हाडांवरून काहीच कळत नाही काय? कळते, फार कळते. पण ते कुळाविषयी थोडे आणि बालपणाविषयी पुष्कळ. याचा पुरावा पुणे जिल्ह्यातच घोड नदीच्या काठी सापडला. शिरूर तालुक्यातल्या इनामगावी सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांनी 1968 पासून उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे 1600 ते 700 या काळातली ती शेतकऱ्यांची वसती. मूल गेले की घराच्याच जमिनीखाली, दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवीत, आणि त्यांत त्याला निजवीत. आईच्या चुलीपासून चार हातांवर! तीन हजार वर्षांनी ते रांजण उघडले गेले.

त्या हाडांचा अभ्यास जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी केला. नंतर ग्वेन रॉबिन्स शुग यांनीही केला. रीत समजून घेण्याजोगी आहे. उपासमारीने हाडांची वाढ चटकन मंदावते, पण दातांची घडण बरीचशी आपल्या वेळापत्रकाने चालू राहते. म्हणून दातांवरून मुलाचे वय काढावयाचे आणि मांडीच्या हाडाची लांबी-जाडी त्या वयाशी ताडून पाहावयाची. दात म्हणतात दोन वर्षे, हाड म्हणते सव्वा. तर मधले नऊ महिने कोठे गेले, हे विचारावयाचे. इनामगावच्या शेवटच्या काळात, इसवी सनापूर्वी 1000 नंतर, शेतीचे दिवस पालटले, आणि त्या काळच्या मुलांत वाढ खुंटल्याच्या खुणा अधिक आढळल्या. दुधाच्या सुळ्यांच्या कवचावर खळगेही दिसले.

ही मुले खुजी होती ती वंशाने, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर आपल्या काळातले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 1997 ते 2003 या काळात सहा देशांतली मुले मोजली: ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका. आपल्याकडची मुले दिल्लीची होती. आई धूम्रपान न करणारी, मूल अंगावर पाजलेले, पोटाला आणि औषधाला कमी नाही, अशी घरे निवडली होती. पाच वर्षांपर्यंत सहाही देशांतल्या मुलांची उंची जवळजवळ सारखी वाढली. 2006 साली त्यावरून जे तक्ते झाले, तेच आज आपल्या अंगणवाडीत टांगलेले असतात.

अंगणवाडी म्हटली की मला जव्हार आठवते. 1992 साली वावर-वांगणीची मुले कुपोषणाने दगावली तेव्हा जव्हार ठाणे जिल्ह्यातच होते. पालघर जिल्हा वेगळा झाला तो 2014 साली. नौपाड्यातून सकाळी निघाले तर संध्याकाळपर्यंत जाऊन परत येता येते. तेथल्या वारली, कोकणा, कातकरी मुलांच्या उंचीविषयी शिकलेली माणसे आजही मला सांगतात, ‘अहो, त्यांची अंगलटच तशी.’ फिशरसाहेबांचे म्हणणे याहून काय निराळे होते? मधले नऊ महिने कोठे गेले, हा प्रश्न तेथेही विचारावयाचा आहे. आणि तेथे तो विचारावयास रांजण उघडावे लागत नाहीत.

दुधाच्या सुळ्याची घडण आईच्या पोटात, पाचव्या महिन्याच्या सुमारास सुरू होते आणि जन्मानंतर नवव्या महिन्याच्या आसपास त्याचा माथा पुरा होतो. त्या काळात आईच्या ताटात काय होते आणि काय नव्हते, याची थोडीफार नोंद त्यावर राहते.

वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे. तो साचा टेबलावरच राहू द्या. मुलांना हात लावून पाहावयाचा असेल तर पाहू द्यावा, तो प्लास्टरचा आहे.