चार यंत्रे, एक चित्र

१९९५ सालच्या ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातील दृश्ये रंगवण्यासाठी ११७ संगणक एकत्र जोडले होते. पुष्कळ हात लागले की काम लवकर उरकते, ही आपली जुनी समजूत. मीही तिलाच भुललो.

भाचीचे दहा सेकंदांचे चलच्चित्र सकाळी स्पर्धेला द्यावयाचे होते. सेकंदाला २४, म्हणजे एकूण २४० चित्रे. एका संगणकाला प्रत्येक चित्रास ९ मिनिटे लागत : ३ तयारीची, ६ रंगवण्याची. तयारी म्हणजे आकृत्या व त्यांचे पोत स्मृतीत आणणे आणि प्रकाशकिरण कोठे अडतील हे झटकन सापडावे अशी त्यांची मांडणी लावणे. एकूण ३६ तास!

सायंकाळी सहाला मी चार संगणक जोडले आणि प्रत्येक चित्राचे चार तुकडे वाटून दिले. रंगकाम दीड मिनिटावर आले. तयारी मात्र चौघांनाही पूर्णच करावी लागली. चौपट यंत्रे, वेग जेमतेम दुप्पट. त्यातही पोत एकाच यंत्राच्या डिस्कवर. चौघांची मागणी एकदम येताच तीही तुंबली. लग्नघरी आचारी चार अन् पाटा एकच! नऊ वाजेतो अवघी ३० चित्रे झाली. ज्या भागाची वाटणी होत नाही तोच वेगाला मर्यादा घालतो, हे जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्येच मांडले होते. मला ते त्या रात्री कळले.

मग पोतांच्या प्रती चौघांकडे ठेवल्या आणि प्रत्येकाला अखंड चित्रे दिली. तयारी हटली नाही, पण ९ मिनिटांत चार चित्रे मिळू लागली. एकच भव्य चित्र हवे असते, तर ही युक्ती चालली नसती, हेही खरे.

उरलेली २१० चित्रे पहाटे पाचच्या सुमारास पूर्ण झाली. भाची तोवर खुर्चीतच झोपली होती.